आमच्या घराचे नाव ‘हम पाँच’

आमच्या दारावर नावाची पाटी नाही. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत येऊन “हम पाँचचं घर कुठलं?” असे कुणालाही विचारा, शेंबडे पोरसुद्धा तुम्हाला आमच्या दारात आणून सोडील. आम्ही चौघी बहिणी आणि आई मिळून पाच. धाकटी जन्मली तेव्हा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी हे नाव काढले आणि ते चिकटले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा म्हणे हसले होते. बारशाला जेवढी माणसे आली नाहीत तेवढी त्या विनोदाला आली, असे आई एकदाच, भाकरी थापता थापता, म्हणाली होती.

मी चौघींतली तिसरी आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे नाव लहानपणापासून कानावर पडत आले, पण ते ज्या मालिकेवरून पडले ती मी कधी पाहिली नव्हती. कशी पाहणार? ती 1995 साली सुरू झाली, 1999 साली थांबली. 2005 च्या सुमारास ती पुन्हा काही काळ आली होती म्हणतात, पण तेव्हाही माझा पत्ता नव्हता. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मी ठरवले, की ज्या वस्तूचे नाव आपल्या घराला पडले आहे ती वस्तू एकदा बघावी तरी! सोलापूरचा मे महिना. दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा फिरकत नाही. वर पत्रे तापलेले, पंखा गरम वारा फेकतो आहे, आणि आम्ही बहिणी एका मोबाइलभोवती डोकी गोळा करून बसलेल्या. “काय बघूलालात गं?” आई विचारी. “आपल्यालाच बघूलालोय,” धाकटी उत्तर देई.

तीस वर्षांनंतर ती मालिका कशी वाटते, तिच्यातले काय टिकले आणि काय शिळे झाले, हे माझ्या अल्प बुद्धीला जसे उमगले तसे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1992 साली झी टीव्ही ही खाजगी हिंदी वाहिनी सुरू झाली आणि दूरदर्शनखेरीज दुसरेही काही घरात येऊ शकते हे लोकांना कळले. त्याच वाहिनीवर ‘हम पाँच’ आली. निर्माती एकता कपूर. त्यांचा जन्म 1975 चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या. कथेचा नायक आनंद माथुर, मुंबईतला मध्यमवर्गीय गृहस्थ. त्याची पहिली बायको वारलेली; तिच्या तीन मुली. दुसरी बायको बीना, तिच्या दोन. थोरली मीनाक्षी स्त्रीमुक्तीवाली. दुसरी राधिका पुस्तकी किडा, जाड भिंगांचा चष्मा, कानाला कमी ऐकू येणारे. तिसरी स्वीटी आरशापुढून न हलणारी. तिला विश्वसुंदरी व्हायचे आहे. (1994 सालीच सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाली होती आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी, तेव्हा स्वीटीचे स्वप्न काही आभाळातून पडले नव्हते.) चौथी काजल, पोरांना ठोकून काढणारी, म्हणून तिला सगळे ‘काजलभाई’ म्हणत. पाचवी छोटी, गल्लीभर बातम्या पोचवणारी. राधिकेची भूमिका काही काळ विद्या बालन यांनी केली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि आनंद माथुर म्हणजे आपले अशोक सराफ! अण्णांना या मालिकेचे तेवढेच नीट आठवते. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, नुकतेच यंत्रमागावर उभे राहायला शिकले होते. शेजारच्यांच्या घरी केबल होती. दाराशी चपला काढून उंबऱ्याजवळ बसायचे आणि बघायचे. “अशोकमामा हिंदीत गेला तरी आपल्यासारखाच घाबरतो,” असे ते म्हणतात. स्टेट बँकेत नोकरी करता करता नाटके करणारा हा माणूस. 2023 चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार आणि 2025 साली पद्मश्री त्यांना मिळाली, तेव्हा अण्णांनी घरी पेढे आणले होते, जणू सख्ख्या मामाचाच सत्कार!

आता या मालिकेतली मुख्य गंमत सांगायची राहिली. वारलेल्या पहिल्या बायकोची तसबीर दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली आहे आणि ती बोलते. नुसती बोलत नाही, नवऱ्याला टोमणे मारते, त्याची फजिती झाली की हसते, दुसऱ्या बायकोवरून चिडवते. आनंद माथुर तिच्यापुढे उभा राहून आपली गाऱ्हाणी सांगतो. तसबीर बोलते कशी, याचा खुलासा कुणी करीत नाही, आणि बघणारालाही तो मागावासा वाटत नाही.

असल्या अद्भुत, उरफाट्या विनोदाची जातच वेगळी. इंग्लंडात बीबीसीवर 1982 ते 1984 या काळात ‘द यंग वन्स’ नावाची अवघ्या 12 भागांची मालिका झाली. एका कळकट घरात राहणारे चार विद्यार्थी, आणि त्या घरात पाळीव हॅम्स्टरही माणसासारखा बोलतो. तिचे काही तुकडे मी मोबाइलवर पाहिले. सगळे शब्द कळले नाहीत, पण घरातली निर्जीव वस्तू आणि मुके जनावर तोंड उघडू लागले की माणसांची फजिती होते, हे कळायला इंग्रजी फारसे लागत नाही. आपल्या मराठीलाही हे नवे नाही. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ 1974 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणले. त्यात भाऊराव मरतो आणि स्वतःच्या मरणावर स्वतःच कीर्तन करायला उभा राहतो! मढे बोलले तर तसबिरीने का बोलू नये?

मला वाटले होते, मालिकेतली ही तसबिरीची युक्तीच सगळ्यांत जुनाट वाटेल. पण झाले उलटेच. तीच सगळ्यांत ताजी वाटली. का, याचा विचार करता करता मी मान वर केली आणि समोर आमच्या भिंतीवर आजीची तसबीर दिसली. आजीला जाऊन तीन वर्षे झाली. पण पाळीवर निघताना अण्णा रोज तिच्यापुढे उभे राहतात आणि “आई, येतो गं” म्हणतात. पगार झाला की सांगतात. मागच्या दिवाळीत बोनसवरून मालकाशी वाजले तेही त्यांनी आधी तिला सांगितले, मग आम्हाला. आपल्यापैकी किती जणांच्या घरी हे होत नाही? परीक्षेला निघताना आपण तसबिरीच्या पाया पडतो, ती ऐकते असे धरूनच चालतो. मालिकेने एवढेच केले की तिला उत्तर द्यायला लावले. म्हणून ती अशक्य गोष्ट आजही खरी वाटते.

शिळे झाले ते निराळेच. जे अगदी घरगुती, शक्य कोटीतले, रोजचे म्हणून दाखवले होते, ते शिळे झाले.

उदाहरणार्थ, पाच मुली हाच विनोद. बाप बिचारा आहे, का? तर त्याला पाच मुली आहेत. एवढे सांगितले की निम्मा विनोद झालाच! बाकी काही करावे लागत नाही. 1995 साली बघणारे यावर मनमुराद हसले. तेव्हाचा काळ काय होता पाहा. गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 सालीच केला होता, 1994 साली देशाचा कायदा झाला. वारसाहक्कात मुलीला मुलाबरोबर उभे करण्याची सुधारणाही महाराष्ट्रात 1994 सालचीच. कायदे चांगले होते. पण जनगणनेचे आकडे काय सांगतात? सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 1991 साली 946 मुली होत्या, 2001 साली 913 झाल्या, 2011 साली 894. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलावी लागली, कारण आईबापांनी त्यांचे नाव ‘नकुशी’ ठेवले होते. नको असलेली, म्हणून नकुशी!

मालिकेमुळे हे झाले, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मालिकेतला बाप मुलींवर माया करतो, आणि मुली तर कुणाच्या बापाला भीत नाहीत. पण पाच मुलींवर हसू यायला ‘मुलगी म्हणजे ओझे’ हे आधी मनात असावे लागते. ते नसेल तर त्या वाक्यात हसण्यासारखे काय उरते? आमची धाकटी पंधरा वर्षांची. पहिल्याच भागानंतर तिने विचारले, “पाच पोरी हायत, मग? पुढं विनोद काय हाय?” तिने हा प्रश्न भाबडेपणाने विचारला की मुद्दाम, मला अजून कळलेले नाही. पण मालिका कितपत टिकली याचा निकाल तिने तिथेच लावला, असे मला वाटते.

राधिकेचा विनोद याहूनही मला जड गेला. तिला कमी ऐकू येते. एक बोलावे, तिने भलतेच ऐकावे, आणि भलतेच उत्तर द्यावे, हसा! पहिल्या दिवशी आम्ही हसलोही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अण्णा रात्रपाळी करून आलेले, झोप झाल्यावर आमच्यामागे येऊन बसले. राधिका काहीतरी उलटसुलट बोलली. आम्ही हसलो. अण्णाही हसले. पण ते आमच्यानंतर, क्षणभर थांबून हसले. मी मागे वळून पाहिले तर अण्णा मोबाइलकडे बघतच नव्हते, आमच्या तोंडांकडे बघत होते. आम्ही कधी हसतो ते बघून ते हसत होते. त्यांना मोबाइलमधले काहीच ऐकू येत नव्हते.

तीस वर्षे मागाच्या खडखडाटात उभे राहिलेला माणूस. शेजारच्या मागावरच्या सोबत्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते किंवा हातवारे करावे लागतात. धोटा इकडून तिकडे आपटतो तो आवाज सुट्टीच्या दिवशीही डोक्यात चालू राहतो, असे ते सांगतात. कानात कापसाचा बोळा, याखेरीज कसलेही संरक्षण कुणी दिले नाही. तो बोळाही स्वतःचाच. आमच्या चादरी देशभर ऊब देतात, पण त्या विणता विणता किती कान गेले याचा हिशेब घराघरांत मुकाट्याने चालतो. त्या दिवशी मी मोबाइल बंद केला. “का गं, लाव की,” अण्णा म्हणाले. मी म्हटले, “चार्जिंग संपलं.” मग मला वाटले, की गेली दोन-तीन वर्षे अण्णांना काही विचारले आणि त्यांनी भलतेच उत्तर दिले की आम्ही घरात हसत होतोच की! राधिकेला हसणारे कुणी परके नव्हते, आम्हीच होतो.

कुणी म्हणेल, “बाई गं, विनोद हा विनोद असतो. त्याला तराजूत कशाला घालतेस? त्या काळी लोक दमून घरी येत, अर्धा तास हसत आणि झोपत. एवढे पुरे नाही का?” हे म्हणणे खोटे नाही. माझेच वडील उंबऱ्यावर बसून असे हसले आहेत, आणि सतरा वर्षांच्या त्या मुलाला बारा तासांच्या कामानंतर ते हसू मिळाले याबद्दल मी त्या मालिकेची ऋणी आहे. शिवाय जे टिकले तेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्या पाच मुली टिकल्या! त्या वेळच्या हिंदी मालिकांत रडणाऱ्या सुना-लेकी काही कमी नव्हत्या. या पाचजणी मात्र आपापल्या तऱ्हेने वागतात, एकीसारखी दुसरी नाही, आणि लग्न हेच एक ध्येय धरून बसलेली त्यांत कुणी नाही. मीनाक्षीच्या भाषणांवर तेव्हा लोक हसत असतील. आज ती वाक्ये आमच्या वर्गातली कुठलीही मुलगी सहज बोलून जाते, त्यात भाषण केल्यासारखे कुणालाच वाटत नाही. काजलभाईला तर मी रोज बघते. पहाटे पाचला आमच्या भागातल्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावत असतात, पायात साधे कॅनव्हासचे बूट, केस करकचून बांधलेले. त्यांना पाहून आता कुणी हसत नाही. दूधवालासुद्धा सायकल बाजूला घेतो.

म्हणजे निकाल असा: मुली टिकल्या, बोलकी तसबीर टिकली, मुलींचे ओझे झालेल्या बापाचा उसासा आणि बहिऱ्या मुलीची टिंगल शिळी झाली. एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण त्या तसबिरीविषयी आणखी एक गोष्ट मनात राहून गेली आहे, ती सांगते.

तसबिरीतली बायको झाल्या होत्या प्रिया तेंडुलकर. नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी, स्वतः कथा लिहिणारी. 1985 साली बासू चटर्जींच्या ‘रजनी’ मालिकेत त्या घराघरांत पोचल्या. रजनी म्हणजे ग्राहकाच्या हक्कासाठी, अन्यायाविरुद्ध कुणाशीही भांडायला पदर खोचून निघणारी साधी गृहिणी. तीच रजनी दहा वर्षांनी चौकटीत टांगलेली पाहिली की चमत्कारिक वाटते. आणि 2002 साली, पन्नाशीही गाठायच्या आत, प्रिया तेंडुलकर खरोखरच गेल्या. तेव्हा आज ती मालिका बघताना तसबिरीतून बोलणारी बाई खरोखरच तसबिरीतून बोलत असते. ते हसणे ऐकून मला हसू आले आणि अंगावर काटाही आला.

पण मुद्दा हा नाही. मुद्दा असा, की त्या घरात सगळ्यांत मोकळेपणाने, सगळ्यांत शहाणपणाचे बोलते कोण? मेलेली बायको. तिला स्वयंपाक करायचा नाही, कुणाची मर्जी सांभाळायची नाही, घराबाहेर काढले जाण्याची भीती नाही. नवऱ्याला तोंडावर “तू चुकतोस” म्हणायला बाईला भिंतीवर जावे लागते, हा त्या मालिकेतला खरा विनोद आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनात होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. मला तो दिसला, कारण मी आमच्या घरात आजीची तसबीर पाहते आणि तिच्याखाली बसून दिवसभर न बोलणारी आई पाहते. थोरल्या ताईचे लग्न ठरले तेव्हा आई काही बोलली नाही. दुसरीने शाळा सोडून गणवेश शिवण्याच्या कारखान्यात जायचे ठरले तेव्हाही काही बोलली नाही. आजी मात्र तिच्या हयातीत बोलायची, आणि बोलायची ते एवढेच: चार पोरी, चार पोरी.

सुट्टी संपता संपता मला एक स्थळ आले. मुलगा बरा होता, नोकरी होती, हुंडा नको म्हणत होते; फक्त लग्न याच वर्षी हवे होते. अण्णा दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळीला निघताना ते सवयीप्रमाणे आजीच्या तसबिरीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “आई, काय करू सांग. तिसरीचं उरकून टाकू का?”

आत आई भाकरी थापत होती. थाप थांबली. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, “त्यांना काय विचारूलालाव? मला विचारा की.” अण्णांना ऐकू आले नाही. “आँ?” म्हणून ते वळले. तेव्हा आई त्यांच्या कानाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा, एवढ्या मोठ्याने, की समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या, ओरडून म्हणाली, “तिला बी.ए. होऊ द्या!”

अण्णा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग आजीच्या तसबिरीकडे बघितले. मग चप्पल घातली आणि म्हणाले, “बरं. वरडू नको, ऐकू येतंय मला.”

गल्लीत आमच्या घराचे नाव अजून ‘हम पाँच’च आहे. ते बदलावे असे मला आता वाटत नाही. पगार जमला की अण्णांचे कान तपासून घ्यायचे आहेत. दुसरीने त्यासाठी शंभर-शंभर रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. यंदा मी द्वितीय वर्षाला आहे. पुढल्या वर्षीच्या अंकातही मी लिहीन.